ब्रोन्याची बाजू

मी एक जुनी गाडी आहे. निदान खोक्यावरच्या चित्रात तरी आहे: लांब नाक, रुंद पाठ, तांबडा रंग आणि मागच्या चाकांखालून निघणारा धूर. झाकण उघडले की मात्र गाडी कुठेच दिसत नाही. दिसतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, चौकटींना पानांसारखे चिकटलेले तुकडे, आणि कोणता तुकडा कुठे जोडायचा हे सांगणारा घडीचा कागद. मित्रांनो, तुम्ही जन्मलात ते अख्खे जन्मलात. मला कुणीतरी जोडेपर्यंत 'मी' म्हणायचीही सोय नव्हती. म्हणून माझी हकिगत त्या कागदासारखीच पायरीपायरीने सांगते. काही पायऱ्या चुकलेल्या आहेत. त्या तशाच ठेवते.

पायरी पहिली

खऱ्या गाड्या हॅमट्रॅमिक नावाच्या गावातल्या मोठ्या कारखान्यात होत. मी त्यांची वीतभर नक्कल.

त्या कारखान्यात गेन्या व्होयतास गाडीच्या उजव्या बाजूला उभी असे. उजवी सीट आणि उजव्या दाराचे आतले अस्तर ही तिची कामे. समोर, गाडीच्या पलीकडे, डाव्या, म्हणजे तिथल्या ड्रायव्हरच्या, बाजूला तिची मैत्रीण ब्रोन्या. गाडी दोघींच्या मधून सरकत जाई. दोघी एकमेकींना पाहत त्या गाडीच्या दोन खिडक्यांतून, आणि गप्पाही तिथूनच मारत. तिथला एक नियम फार कडक होता. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. ब्रोन्याचा एखादा स्क्रू घरंगळत उजव्या दारापाशी आला, तर गेन्या तो उचलून तिच्या हातात देई. लावत मात्र नसे.

मला तिने मुलासाठी घेतले. डेनिस तेव्हा शाळकरी होता. "ही बघ, हीच गाडी मी करते," ती म्हणाली. डेनिसने एका चाकाची चकचकीत तबकडी चौकटीपासून मोडून काढली, शाळेत नेली आणि हरवली. मग त्याला बेसबॉल आवडू लागला. मी तळघरात गेले.

मी तळघरात असतानाच कारखाना बंद झाला आणि पाडला गेला. डेनिस दूर वाळवंटातल्या ऍरिझोनाला गेला. त्याचे वडील वारले. ब्रोन्याही वारली. माझ्या खोक्यावर बिटाच्या लोणच्याच्या बरण्या चढत गेल्या.

पायरी पहिली, पुन्हा

गेल्या हिवाळ्यात गेन्याच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडली. ती वाचली. पण तिचा डावा हात बर्फात विसरलेल्या हातमोज्यासारखा झाला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईने तिला भोके पाडलेली एक फळी आणि रंगीत खुंट्या दिल्या. गेन्याने त्या खिडकीत ठेवून दिल्या. "मी काय बालवाडीत आहे?" ती शेजारच्या रोकेयाला म्हणाली. रोकेया मूळची सिल्हेटची. तिची तीन मुले दिवसभर दोन्ही घरांच्या मधल्या कुंपणावर बसलेली असत.

एके दिवशी गेन्याने रोकेयाला बरण्या आणायला तळघरात पाठवले.

"खाला, बरण्या सापडल्या," खालून आवाज आला. "त्यांच्याखाली एक खोकंही आहे. फेकू?"

"आण इकडे. फेकायचंच असेल तर तुझ्या नवऱ्याला फेक."

"त्याला कोण उचलणार, खाला?"

त्याच आठवड्यात डेनिसचा फोन आला. मी टेबलावर होते. मला सगळे ऐकू आले.

"मा, खोली तयार आहे. बाथरूममध्ये धरायला दांडे लावलेत."

"तुझ्याकडे फार ऊन आहे."

"ऊन सगळ्यांना आवडतं."

"मला इथलं आवडतं. येतं थोडं आणि जातं." गेन्याने माझ्या खोक्यावर उजवा हात ठेवला. "ईस्टरला येतोयस ना? तोवर ही गाडी मी माझ्या दोन हातांनी जोडते. जोडली, तर मी इथंच राहणार. नाही जोडली, तर माझी बॅग तू भर."

"कुठली गाडी?"

"तू टाकून दिलेली."

डेनिस मग म्हणाला, "ठीक आहे. पण दोन्ही हातांनी."

उजवी बाजू

मित्रांनो, गेन्यासारखे काम करताना मी कुणाला पाहिले नाही. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला ती ऍप्रन बांधून टेबलाशी बसे. समोर गोंदाची नळी, नखे घासायची कानस आणि भुवया कोरायचा चिमटा. डावा हात ती उजव्या हाताने उचलून टेबलावर आणून ठेवी. "सुट्टी संपली," ती त्याला म्हणे. "कामावर ये."

हात येत नसे. ती तुकडा त्याच्या बोटांत अडकवी, तो पडे. पुन्हा अडकवी, पुन्हा पडे. माझे दार इतक्या वेळा जमिनीवर पडले की कोपऱ्याचा टवका उडाला. तो अजून आहे. कपडे वाळत घालायच्या चिमट्याने तुकडा पकडता आला असता. पण चिमटा ती गोंद वाळेपर्यंतच लावी. तुकडा धरायचा तो हातानेच.

ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी सगळे गाव पोंच्कींसाठी, म्हणजे जॅम भरलेल्या गोल तळलेल्या पावांसाठी, रांगा लावते. रोकेया रांगेत उभी राहून डबा घेऊन आली. गेन्याने पोंच्की डाव्या हातात धरली. निम्मा जॅम बाहीत गेला. "बघितलंस?" ती म्हणाली. "उरलेला निम्मा तोंडात गेला."

त्यानंतर अंगठा वळू लागला. मग तर्जनी. माझे इंजिन जोडले गेले, त्याच्यावरची नळकांडी जोडली गेली. उजवी सीट बसली. उजव्या दाराचे अस्तर तर तिने न बघता बसवले. तयार झालेली बॉडी तिने खिडकीत ठेवली. माझी उजवी बाजू स्वयंपाकघराकडे, डावी रस्त्याकडे. रोज सकाळी ती माझ्याकडे पाही आणि समाधानाने मान हलवी.

डावी बाजू

(इथे काहीही चिकटवलेले नव्हते.)

सुटलेली पायरी

ईस्टरच्या आदल्या दिवशी डेनिस आला. तो रस्त्यावरून आला, म्हणून त्याला आधी दिसली ती माझी रस्त्याकडची बाजू. दाराशी त्याने आईला मिठी मारली, पण त्याचे डोळे माझ्यावर होते.

"मा, ही अर्धीच आहे."

"अर्धी कसली? चासीवर बसवायची तेवढी राहिलीय."

"डावीकडे आरसा नाही. दाराला अस्तर नाही. ड्रायव्हरची सीटच नाही." त्याने खोक्यातून चासी, म्हणजे चाकांचा खालचा सांगाडा, काढली. तिला उजवीकडची दोन चाके होती. डावीकडे एकही नव्हते. तो खुर्चीत बसला.

डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट सांगून ठेवली होती. अशा आजारानंतर काही माणसांच्या मनातून डावीकडचे जगच पुसले जाते. डोळे शाबूत असतात, पण ती ताटाचा उजवा अर्धा भागच खातात, केसही उजवीकडचेच विंचरतात. अशा माणसाला एकटे ठेवू नये.

गेन्याने मला फिरवले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "ती ब्रोन्याची बाजू."

डेनिसचा चेहरा उतरला. "मा, ब्रोन्या मावशीला जाऊन किती वर्षं झाली. तू तिच्या मातीला होतीस."

"ती गेली हे मला कळतं रे. पण तिची बाजू कुठं गेली?"

 तो फोन घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसला. खिडकीतून त्याचा आवाज येत होता. तो विमानात आणखी एक जागा मिळेल का, असे विचारत होता.

गेन्या एकटी राहिली. तिने कपड्यांचे चिमटे टेबलाच्या कडेने ओळीत लावले, अगदी डाव्या टोकापर्यंत. डोळे मिटले, उघडले आणि ते एकेक बोटाने मोजले. सगळे सापडले. तरी तिचा चेहरा उजळला नाही. आपणच ठेवलेले आपल्याला सापडले, यातून काय कळणार? तिच्या हातांनी जुन्या सवयीने दुसरीची बाजू सोडली होती, की तिला ती बाजू दिसतच नव्हती? मलाही सांगता आले नसते. मी तर तोवर अर्धीच होते.

ईस्टरच्या सकाळी चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेली टोपली उघडली: अंडी, सॉसेज, लोण्याचे कोरलेले कोकरू. डेनिस जेवत कमी होता, आईच्या ताटाकडे पाहत जास्त होता. ताटात डावीकडे बीट तसेच राहिले होते. त्याने हळूच ताट फिरवले.

"ताट का फिरवतोस?"

"बीट राहिलंय. डावीकडे होतं."

"डावीकडे होतं म्हणून नाही, बीट होतं म्हणून राहिलं. मला कधी आवडलंय ते? तुझ्या बापासाठी बरण्या भरत होते." तिने ताट पुन्हा होते तसे केले. "अस्तन्या वर कर. ब्रोन्याच्या जागेवर बस."

"पैज तुझी होती."

"माझ्या दोन हातांनी म्हणाले होते. एकटीनं कधी म्हणाले?"

"मी डावीकडचं लावून काय सिद्ध होणार, मा?"

"आधी लाव."

डेनिस तिच्यासमोर बसला. ती काहीच हातात घेत नव्हती, फक्त सांगत होती. त्याने सीट आधी उलटी लावली. तिने काढायला लावली. "ब्रोन्या असती तर हसून मेली असती," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पुन्हा." त्याच्या बोटांना गोंद लागला, चष्म्याला लागला. पुढच्या डाव्या चाकापाशी तो अडला.

"याची तबकडी कुठंय?"

"तू शाळेत नेलीस."

डेनिसने चाकाकडे पाहिले. मग आपल्या बाहीचे बटण तोडले आणि चाकाला चिकटवले.

लग्न

कारखान्यात वरून बॉडी उतरते आणि खालच्या चासीवर बसते, त्याला तिथली माणसे लग्न म्हणत. त्या जागी दोन माणसे असत, दोन बाजूंना दोन. एकट्याने कुणी बॉडी उतरवली असती, तर फोरमनने त्याला घरी पाठवले असते.

माझ्या बाबतीतही ते सोपे नाही. माझ्या बॉडीच्या दोन्ही कडा बाहेर ताणून धराव्या लागतात, तेव्हा चासी आत सरकते. जास्त ताणल्या तर छताचा खांब मोडतो. कमी ताणल्या तर चासी अडकते.

गेन्या माझ्या उजवीकडे, डेनिस डावीकडे. माझे नाक तिच्या उजव्या हाताला होते, शेपूट डाव्या. उजव्या हाताने तिने पुढची कड धरली आणि डाव्याने मागची. डावा हात थरथरत होता. तो थरकाप माझ्या अख्ख्या अंगातून गेला. पण बोटे सुटली नाहीत.

"मी म्हणेपर्यंत सोडायची नाही," ती म्हणाली. "ताण. अजून. आता खाली."

मी उतरले. कुठेतरी 'टक्' झाले.

"बसली," डेनिस म्हणाला आणि हात काढू लागला.

"धरून ठेव. बसली नाही. तुझ्याकडचा धुराचा नळ कडेला अडकलाय. मागच्या चाकाच्या मागं."

डेनिस वाकला. माझ्या शेपटीचा तो पलीकडचा कोपरा, गेन्याच्या डाव्या अंगाला अगदी टोकाला. तिथे नळ कडेखाली दाबला गेला होता, केसभर. त्याने आधी नळाकडे पाहिले. मग आईच्या डोळ्यांकडे. ते अजून त्याच कोपऱ्यावर होते.

"उचल," ती म्हणाली. "काय बघतोस? माझा हात दुखतोय."

त्याने उचलले, नळ बोटाने आत सारला. दोघांनी मिळून मला पुन्हा खाली घेतले. या वेळी 'टक्' झाले नाही. मित्रांनो, त्या क्षणी मी 'मी' झाले.

गेन्या टेबलावर वाकली आणि तिने माझ्या उजव्या खिडकीला डोळा लावला. आतून पलीकडे, दोन सीटांच्या वर, डाव्या खिडकीत गोंद लागलेला एक चष्मा होता.

"दिसतोस," ती म्हणाली.

डेनिसने डोळा हलवला नाही. "हो. तूही दिसतेस."

कागदावर नसलेली पायरी

तो एकटाच परत गेला. जाण्याआधी त्याने रोकेयाला घराची एक किल्ली दिली. "रोज एकदा डोकावशील?" त्याने विचारले. "मी आधीपासूनच डोकावते," ती म्हणाली. "आता दार वाजवावं लागणार नाही एवढंच."

डेनिस आता रविवारी फोन करतो तेव्हा ऍरिझोनाचे नाव काढत नाही. डाव्या हाताने आज काय केले, ते विचारतो. हात अजून पूर्ण बरा नाही. गेन्या त्याला रोज कामावर बोलावते.

मी खिडकीत आहे. एका दिवशी माझी उजवी बाजू घराकडे असते, दुसऱ्या दिवशी बटणाचे चाक असलेली डावी. फिरवते तीच, डाव्या हाताने.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. घरात कुणाचा हात थरथरू लागला, तर मायेपोटी त्या हातातले काम काढून घेऊ नका. समोर जाऊन बसा. दुसरी बाजू धरा. आणि त्यांनी सांगेपर्यंत सोडू नका.