मला आता पाणी लागत नाही

मी बोलतेय. दचकू नका, दचकण्याचं काम माझ्याकडे आहे. मी भिवंडीतली, विजेवर चालणारी छोटीशी मोटार. दोन दारं, कैरीसारखा हिरवा रंग. रस्त्यावर मला आवाज नाही, म्हणून इथे बोलून घेते.

माझा जन्म बंगळूरचा. २००४ साली ट्रकमधून इथे उतरले, तेव्हा गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटानं माझं काळीज लकलकलं. "रोजचंच आहे गं हे," वल्लरी माझ्या टपावर थाप मारत म्हणाली. तेव्हापासून मी तिची.

वल्लरी अंजूरच्या शाळेत शिकवते. लहानपणी पोलिओ झाल्यानं तिचा डावा पाय लुळा आहे. मला क्लच नाही, गिअर नाही. एका उजव्या पायावर सगळं भागतं. शेअर रिक्षात चढताना लोक तिला दंडाला धरून वर ओढायचे, ते माझ्यामुळे थांबलं.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या राहीबाई मला बघून म्हणायच्या, "बाय, तुजी गारी आली का गेली, कलतच न्हाय. मांजर हाय का काय?"

माझ्या पुढच्या सीटांखाली शिशाच्या जड बॅटऱ्या होत्या. त्यांना तहान फार. दर रविवारी वल्लरीचे वडील, घरात सगळे त्यांना भाऊच म्हणतात, आंघोळ करून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि नरसाळं घेऊन यायचे. सीट उचलायची, एकेक बूच काढून आत डोकावायचं, पाणी घालायचं. देवाची फुलं बदलावीत तसं. शेवटी हळूच म्हणायचे, "उद्या नीट ने हं तिला."

हे मला. वल्लरीला ते असलं काही बोलत नसत.

बॅटऱ्या एकदा बदलल्या. पण भारनियमनातल्या अर्ध्यामुर्ध्या चार्जिंगनं नव्याही थकल्या. मग २००९ मध्ये, ऐन गर्दीत, मी धामणकर नाक्यावर बसले. मागून हॉर्नच हॉर्न. मी नुसती थिजून गेले. लूमवरून सुटलेली माणसं धक्का मारायला धावली.

"मॅडम, पेट्रोल खतम?"

"पेट्रोल नाही लगता इसको."

"तो फिर चाय पिलाओ!"

सगळे हसले. वल्लरी मात्र स्टिअरिंग सोडत नव्हती. ते मला कळत होतं.

त्या संध्याकाळी भाऊ म्हणाले, "पुरे झालं. देऊन टाकू भंगारात. मी रोज रिक्षानं पोचवीन तुला."

"भाऊ, मला कुणी पोचवायला नकोय. मला जायचंय."

भंगार हा शब्द ऐकून मला रात्रभर कसंसंच होत होतं.

वाचवलं अनिमेषनं. हा वल्लरीचा आतेभाऊ, ठाण्यातला इंजिनिअर. त्यानं लिथियमच्या बॅटऱ्या आणल्या, चार्जर बदलला. जुन्या बॅटऱ्या निघाल्या तसे माझे स्प्रिंग वर आले. इतकं हलकं वाटलं की भीतीच वाटली. उडून गेले तर? जुन्या सोबतिणी हातगाडीवरून गेल्या. त्यांच्याकडे बघवेना.

शनिवारी अनिमेष शेजारी बसला आणि वल्लरीनं मला अंजूरला नेऊन परत आणलं. दम लागला नाही. सोमवारी ती एकटी जाणार होती.

पण मध्ये रविवार होता.

भाऊ आले. कॅन, नरसाळं, सीट वर. आत बंद डबा. "बुचं कुठे लपवली यानं?" म्हणत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं झाकणाची कड उचकटली. दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन! त्या डब्यात पाणी म्हणजे माझा शेवट, आणि वल्लरीचा सोमवारही गेला. मला ओरडता येत नाही हो.

"भाऊ! थांबा!"

वल्लरी काठी न घेताच, भिंत धरत धरत आली होती.

"अगं, पाण्यावाचून चालतील कशा?"

"चालतात. अनिमेष सांगत होता ना!"

"मग आता बघायचंच नाही काही?" भाऊंनी कॅन खाली ठेवला. "नुसतं तुला सोडून द्यायचं?"

माझ्या अंगाचा आधार घेत वल्लरी पुढे आली आणि तिनं माझं बॉनेट उघडलं.

"काचेवर उडवायचं पाणी संपलंय. अंजूरच्या रस्त्याला गोदामांच्या ट्रकची केवढी धूळ असते. काही दिसत नाही मला."

"काच धुवायला डिस्टिल्ड वॉटर?"

"लाडावून ठेवलंय तुम्ही तिला. दुसरं चालणार आहे का?"

भाऊ हसले. वायपरच्या टाकीला नरसाळं लावून त्यांनी अगदी सावकाश पाणी ओतलं, वाकून बघितलं, बॉनेट लावलं. मी वाट बघत होते. पण या वेळी ते माझ्याशी बोललेच नाहीत. वल्लरीकडे वळून म्हणाले,

"उद्या नीट जा हं."

आता टाकी बहुतेक भरलेलीच असते. तरी भाऊ रविवारी येतात, नरसाळं लावतात. येऊ द्या.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. नाक्यावर मी दिसले तर मागून एकदम हॉर्न मारू नका. मी अजून दचकते. आणि आत वल्लरी असते. एकटी, शाळेच्या वेळेत निघालेली.