तेविसाव्या पाहुणीची टोपली

सोमवारी सकाळी शहरातल्या बँकेने कामाला पाठवलेली तेविसावी पाहुणी आमच्या वस्तीत उतरली. नाव हॅरिएट. सहा आठवडे राहायचं, आम्हा मूळनिवासींच्या कामाला हात लावायचा, गोऱ्यांनी दिलेले जुने घाव भरून काढायचे, आणि निरोपाची टोपली घेऊन परत जायचं, असा इथला रिवाज. रानकेवड्याच्या पात्यांची ती टोपली रोवेना विणते. आजवर बावीस विणल्या. तिला मात्र कुणी दिली नाही, कारण ती कुठे जातच नाही.

म्हाताऱ्यांना डायलिसिसला नेणाऱ्या गाडीचं काम ती अकरा वर्षं बघते. व्यवस्थापकाच्या खुर्चीसाठी तिने तीनदा अर्ज केला. पंचांच्या प्रमुख आयव्ही मावशी, तिची सख्खी मावशी, दरवेळी म्हणाल्या, "बघू गं." खुर्ची पाहुण्यांची, आणि पाहुण्यांना शिकवायचं रोवेनाने.

दुपारी मावशींनी निखाऱ्यावरच्या माशाचा गालाचा तुकडा काढून हॅरिएटच्या ताटात ठेवला. "खा पोरी, वाळली आहेस." तो तुकडा लहानपणापासून रोवेनाचा. तिने आपलं ताट बाजूला सारलं. गोरं माणूस दिसलं की घरचं माणूस दिसेनासं होतं, हे मी आमच्या वस्तीत फार पाहिलंय.

गाडीत कोण कधी बसेल, याची सुबक यादी हॅरिएटने संगणकावर केली. "रोवेना, एकदा बघतेस?"

रोवेनाने पाहिलं. युनिस आजी आणि त्यांचा जावई लेस्टर एकाच गाडीत! आमच्यात सासू-जावई समोरासमोर येत नाहीत, एकमेकांचं नावही घेत नाहीत. तो मानच आहे. पोरीला काय माहीत?

"छान आहे," रोवेना म्हणाली. पडू दे तोंडावर, मनात म्हणाली.

गुरुवारी युनिस आजींनी गाडीत लेस्टर पाहिला, पदर ओढावा तसा चेहरा फिरवला आणि "आज बरं नाही" म्हणून घरी गेल्या. शनिवारच्या फेरीआधी सांगू, असं रोवेनाने ठरवलं. पण शनिवारी सकाळीच मावशी म्हणाल्या, "बघ, चार दिवसांत कशी शिस्त लावली पोरीने!" रोवेनाने यादी तशीच राहू दिली. आजी त्या दिवशीही परतल्या.

दोन खेपांचं डायलिसिस चुकलं, आणि रविवारी त्यांना श्वास घेता येईना. विमानाने शहरातल्या इस्पितळात नेलं, तेव्हा कुठे वाचल्या.

सोमवारी पंच बसले. हॅरिएट रडत होती. "मला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," रोवेना उठली. "मी गप्प बसले. जळत होते मी."

"अगं सटवे!" मावशी ओरडल्या. "म्हातारीच्या जिवाशी खेळलीस?"

"खेळले. शिक्षा द्या. पण मावशी, मी तेवीस जणांना शिकवलं. जे काम मलाच विचारून चालतं, त्याची खुर्ची मला का नाही?"

मावशींनी आवाज खाली आणला. "आपलं माणूस बसवलं तर बँकेचे वरचे लोक पैसा बंद करतील, अशी भीती वाटायची."

"त्यांना विचारलंत कधी?"

मावशींनी विचारलं नव्हतं.

त्याच दुपारच्या विमानाने रोवेना अर्धवट विणलेली टोपली घेऊन इस्पितळात गेली. खाटेशी बसून तिने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

युनिस आजी म्हणाल्या, "जळलीस तू, आणि धाप मला लागली."

रोवेना खाली मान घालून रडली.

"रडू नंतर. ही कुणाची?" आजींनी टोपली ओढून घेतली.

"हॅरिएटची. निरोपाची."

"तिला यंदा हात हलवत जाऊ दे. ही मी पुरी करते, तुझ्यासाठी. अर्ज चौथ्यांदा कर. आणि पुढच्या आठवड्यात मंगळवारी मला डायलिसिसला न्यायला येशील, तेव्हा आधी गाडीत कोण बसलंय ते बघ."

आजींच्या बोटांत अजून ताकद नव्हती. पात्याला पहिला वेढा बसायला बराच वेळ लागला. रोवेना मदतीला पुढे झाली नाही. ती बघत बसली.