बॅटरी खाणारी चादर

“बाबा, हा टीव्ही आत्ताच्या आत्ता बंद करा, नाहीतर मी आईला माझ्याकडे घेऊन जाते,” लेक म्हणाली.

वीज गेलेली होती. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर खोलीत दोनच वस्तू चालू होत्या : आईच्या नाकातल्या नळीला प्राणवायू पुरवणारं यंत्र, आणि समोरच्या भिंतीवरचा धिप्पाड टीव्ही. त्यावर ना मालिका, ना बातम्या. खालची गल्ली होती. गॅलरीत कॅमेरा बसवून म्हाताऱ्याने ती तिसऱ्या मजल्यावर ओढून आणली होती.

“तुझ्याकडे म्हणजे अकराव्या मजल्यावर?” आईने विचारलं.

“हो. हवा छान आहे.”

“हवा असेल. माणूस दिसत नाही तिथे. मग श्वास घ्यायचा कशाला, छताकडे बघायला?”

लेक नर्स होती. रुग्णांना दमात घ्यायची तिला सवय. पण या रुग्णाने तिलाच लहानपणापासून दमात घेतलेलं.

म्हाताऱ्याला सगळे टिचकीमास्तर म्हणत. तो टीव्ही दुरुस्त करायचा, आणि झाकण उघडण्याआधी प्रत्येक सेटला एक टिचकी मारायचा. एकदा त्या टिचकीने शेजारच्या तीन घरांतले बंद पडलेले टीव्हीही सुरू झाले, असं सांगतात. खोटं कशाला बोलू, मी दोनच पाहिले. त्याची बायको गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करायची आणि मशीनमागे बसून अख्ख्या गल्लीला वळण लावायची. फुप्फुसांनी दगा दिल्यावर तेच काम फोनवरून सुरू झालं. “केळीची सालं उचल. हो, तूच.” माणूस वर बघायचा आणि मुकाट्याने वाकायचा.

“पुढच्या वेळी वीज गेली की ती परत येईपर्यंत दोन्ही चालवून दाखवा,” लेकीने बजावलं. “नाहीतर सामान बांधायचं.”

टिचकीमास्तरने एका मोडक्या लॅपटॉपचा स्क्रीन सोडवून आणला. टीव्ही हत्तीसारखा खायचा, हा चिमणीसारखा. पण कॅमेऱ्याचा डबा टीव्हीच्या भाषेत सिग्नल पाठवायचा, आणि लॅपटॉपच्या स्क्रीनला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मध्ये दुभाष्या हवा. मास्तरने तळहाताएवढा एक बोर्ड जोडला.

“हा भलता हुशार आहे,” तो बायकोला म्हणाला. “गल्लीत काही हललं नाही, की स्क्रीनला सांगतो, शेवटचं चित्र धरून बस, मी जरा पडतो. हललं की उठतो. झोपेल तेवढी वीज वाचते.”

“म्हणजे तुमच्यासारखाच.”

“म्हणून तर आमचं जमलं.”

मास्तरने स्वतःच मेन स्विच पाडून चाचणी घेतली, तर बॅटरी पाहता पाहता ढेपाळली. गल्ली सुस्त, कुत्रंसुद्धा लोळत पडलेलं, आणि बोर्ड मात्र तव्यासारखा तापलेला. मास्तरला काही कळेना. बायकोने ओळखलं. समोरच्या दोरीवर इस्त्रीवाल्याची चादर फडफडत होती, आणि प्रत्येक फडफडीला दुभाष्या दचकून उठत होता.

तिने फोन लावला. “तुझी चादर काढ.”

“ओली आहे हो मावशी.”

“असू दे. माझी बॅटरी खाते ती.”

इस्त्रीवाल्याने चादर काढली आणि सवयीप्रमाणे बातमी दारोदार पोचवली. शेवटच्या घरी पोचेपर्यंत तिचं असं झालं, की गल्लीत काही हललं तर मावशीचा श्वास कमी होतो.

मग एका भर दुपारी वीज खरोखरच गेली. लेक हजर होतीच. स्क्रीनवर गल्ली स्वच्छ दिसत होती, पण जागची हलत नव्हती.

“अहो, चित्र अडकलं.”

मास्तरने टिचकी मारली. मग दुसरी. लेक गॅलरीत जाऊन खाली डोकावली आणि हळूच परत आली.

“अडकलं नाही. सगळे उभे आहेत.”

भाजीवाली तराजू उचलून उभी होती. स्कूटरवाल्याचा एक पाय हवेत. इस्त्रीवाला दोरीवरचे कपडे दोन्ही हातांनी कवटाळून उभा. कुत्र्याला कोणीतरी मांडीत दाबून धरलेलं. बोर्ड थंडगार, बॅटरी भरलेली.

“जिंकलो,” मास्तर पुटपुटला.

“काय जिंकलात? फोन द्या इकडे.” आईने इस्त्रीवाल्याला लावला. “मी मेले की उभे राहा दोन मिनिटं. अजून आहे मी. चाला.”

“पण मावशी, तुमची बॅटरी...”

“माझी आहे ना? मग मी बघते. चाला सगळे.”

गल्ली चालायला लागली. तराजू खाली आला, स्कूटर फुरफुरली, कुत्रं सुटलं आणि चादर पुन्हा दोरीवर चढली. बोर्ड तापला. वीज काही येईना. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लाल झाला, तशी लेकीने स्क्रीनची वायर धरली.

“दोन्हींपैकी एकच चालेल, आई.”

“हात काढ.”

“नर्स मी आहे.”

“आणि आई मी आहे.”

 लेकीने वायर सोडली आणि आपल्या रुग्णालयात फोन केला. “ऑक्सिजनचा एक भरलेला सिलिंडर पाठवा. हो, घरी. लगेच.”

गाडी गल्लीत शिरण्याजोगी नव्हती. स्क्रीनवर तिघांना दिसलं : इस्त्रीवाल्याने गल्लीच्या तोंडाशीच सिलिंडर उतरवून घेतला, खांद्यावर टाकला आणि गर्दीतून वाट काढत निघाला. लोक बाजूला होत होते. आईने त्याला जवळ येऊ दिलं, आणि मग त्याला फोन लावला.

“धावू नकोस. आणि नीट धर, माझा आहे तो.”