कारण बाहेर सांगायचं नसतं

ज्या दिवशी सर्व्हरने आमच्या नव्या प्रोग्रामला दारातूनच परत पाठवलं, त्या दिवशी मी सुनेला दोन तास टोमणे मारत होते. आता त्याचं थोडं वाईट वाटतं. तिच्यासमोर मात्र मी ते कबूल करणार नाही.

आमचा धंदा ऑक्सिजनच्या सिलिंडरचा. घरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना आमचे सिलिंडर जातात. अकरा दवाखाने ऑर्डर पाठवतात. ऑर्डर येते आणि ऑफिसातल्या सर्व्हरवरच्या रांगेत उभी राहते. आपल्या प्रोग्रामने ती उचलली की चिठ्ठी छापली जाते आणि गाडी सुटते. एकदा उचलली की रांगेत तिचा मागमूस राहत नाही, पेशंटचं नावसुद्धा नाही. हे सगळं माझ्या नवऱ्याने बसवलं. दुसरा चहा झाला की रोज नऊ वाजून दहा मिनिटांनी हे आतल्या खोलीत खुर्ची ओढून बसायचे, ऑर्डर उचलायचे, चिठ्ठ्या टेबलावरच्या तारेत टोचून ठेवायचे. उठताना खुर्ची आत सरकवायची सवय मात्र एक्केचाळीस वर्षांत लागली नाही. ते काम माझं.

दीड महिन्यापूर्वी हे गेले. मी कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, वायर गुंडाळून ठेवली, प्रिंटरसकट सगळ्यावर चादर टाकली, खुर्ची आत सरकवली आणि खोलीला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला. तेव्हापासून दवाखाने फोनवर ऑर्डर सांगायचे. सुनेने ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम बसवला आणि सगळ्यांना कळवून टाकलं: सोमवारपासून फोन बंद, ऑर्डर कॉम्प्युटरवरच पाठवा.

सोमवारी सकाळपासून तिच्या स्क्रीनवर एकच ओळ. परवानगी नाही.

"काय गं इंजिनीअरीणबाई, एवढी पुस्तकं वाचलीस आणि दार उघडेना?"

"आई, थांबा जरा. नाव बरोबर आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी नाही म्हणतोय."

"मग का नाही, ते विचार की त्याला."

"तो सांगत नाही. नाही म्हणजे नाही, एवढंच म्हणतो. बाहेरच्याला कारण सांगायचं नसतं. सांगितलं तर चोराला कळेल ना, कुठली कडी सैल आहे ते. कारण आत लिहिलेलं असतं, सर्व्हरच्या नोंदीत."

"मग आत जाऊन वाच. तुझ्याच सासऱ्याने उभं केलंय ते, कोण हात धरतंय तुझा?"

तिने नोंद उघडली. कारण निघालं ते यांचंच. यांनी रांगेवर नियम घालून ठेवला होता: माझ्या नावाशिवाय कोणीही ऑर्डर उचलायची नाही. मला हसू आलं. स्वतःच्या चष्म्यालाही कुलूप लावेल असा माणूस.

"बाबांचं नाव काढून प्रोग्रामचं घालते," सून म्हणाली.

"घाल तुझ्या प्रोग्रामचं. यांचं नाव निघणार नाही."

यावर ती वाद घालेल असं मला वाटलं होतं. पण ती स्क्रीनकडे टक लावून बसली होती.

"आई, आज एक ऑर्डर आली होती. नऊला. तातडीची. आणि नऊ दहाला ती उचलली गेलीय."

"तूच उचलली असशील."

"मला तर आतच सोडलं नाही."

तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझी शाळा चौथीपर्यंत. पण ते नाव मला उलटं धरलं तरी वाचता येतं.

"कुठल्या कॉम्प्युटरवरून?" मी विचारलं.

तिने बोट आतल्या खोलीकडे केलं.

घड्याळात अकरा वीस. तातडीची म्हणजे पेशंटकडे चारच तासांचा ऑक्सिजन उरलेला, नऊपासून एक वाजेपर्यंतचा. पेशंट कोण, घर कुठलं, दवाखाना कुठला, नोंदीत काहीच नाही. सून एकेका दवाखान्याला फोन लावत सुटली. सात जणांनी उचलला, सात जणांनी आमची ऑर्डर नाही म्हणून सांगितलं. चार फोन नुसते वाजत राहिले.

मी कमरेची किल्ली काढली.

कुलूप जसंच्या तसं. चादरीवर धूळ, एका बोटाचाही ठसा नाही. प्लगची वायर मी गुंडाळली होती तशीच, माझ्याच गाठीची. खुर्ची मात्र बाहेर ओढलेली होती.

सून उंबऱ्यावरच थांबली. "आई, नका जाऊ."

"माझ्याच घरात मला कोण अडवणार?" म्हणत मी आत पाऊल टाकलं.

तारेत जुन्या चिठ्ठ्या पिवळ्या पडत आल्या होत्या. वरची एक पांढरी. मी ती ओढून काढली. कागद कोमट होता, प्रिंटरमधून नुकता निघाल्यासारखा. अक्षर अक्षर लावून वाचलं: एका निवृत्त नर्सबाईंचं नाव, पत्ता, चौथा मजला, दोन सिलिंडर. कोपऱ्यात पेनाने आडवी रेघ. बघितल्याची खूण हे तशीच करायचे.

मी गोदामाकडे हाक मारली. ड्रायव्हर म्हणाला, "दोन घास खाऊन निघतो, काकू."

"घास कुठे पळून जात नाहीत. त्या बाईचा श्वास पळून जाईल. नीघ!"

बारा चाळीसला त्याचा फोन आला. त्यांच्या सिलिंडरचा काटा शून्यावर टेकत आला होता. बाई वाचल्या.

सून माझ्यासमोर बसली. "आज चिठ्ठी सापडली, आई," एवढंच म्हणाली. उद्या नाही सापडली तर, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

"काढ यांचं नाव."

"नक्की?"

"बटण कुठलं ते दाखव. मीच दाबते. उगाच तुझ्या माथी नको."

दाबलं. नवा प्रोग्राम लगेच आत गेला आणि चिठ्ठ्या ऑफिसात पडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी नऊ दहाला नोंदीत एक ओळ आली. यांचं नाव, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर, प्रवेश नाकारला. तिसऱ्या दिवशी तशाच चार ओळी. शुक्रवारी सुनेने मोजल्या, त्रेसष्ट. एकामागून एक, मिनिटाला दहा. दार ठोठावणाऱ्या माणसाचा धीर सुटत जावा तशा.

मी तिच्या शेजारी बसून बघत होते. या माणसाला मी कधी दाराबाहेर उभं केलं नव्हतं, भांडणातसुद्धा नाही.

"तिकडे काय दिसत असेल गं?"

"आपल्याला दिसलं तेच. परवानगी नाही."

"आणि कारण?"

"कारण नाही दिसत, आई. ते इथे आत लिहिलंय, फक्त आपल्याला दिसतं."

शनिवारी नऊला मी खोलीत गेले आणि आतून दार लावून घेतलं. सोमवारी मी आत सरकवलेली खुर्ची परत बाहेर आलेली होती. मी पलीकडे स्टुलावर बसले, चादर टाकलेल्या कॉम्प्युटरसमोर. नऊ दहा झाले तशी चादर हलली नाही, काही वाजलं नाही. फक्त खोली भरल्यासारखी वाटली.

"ऐका," मी म्हणाले. "तुम्ही गेलात. दीड महिना होऊन गेला. डॉक्टरांनी मला सांगितलं, तुम्हाला सांगायचं राहिलं. नर्सबाईंना सिलिंडर वेळेत पोचले. सून पोर हुशार आहे, तिला सांगू नका मी म्हणाले म्हणून. तुमचं नाव मी काढलं, तिने नाही. भांडायचं तर माझ्याशी भांडा."

खुर्ची तशीच सोडून बाहेर आले तेव्हा सव्वानऊ झाले होते. सून स्क्रीनकडे बघत होती.

"आज एकही ओळ नाही, आई."

"नीट बघ."

"नीटच बघितलं."

मी दुसरा चहा केला, दोघींपुरता. दुपारी खोलीला कुलूप लावायचं राहिलंय हे आठवलं, म्हणून गेले. सकाळपासून तिथे कोणी फिरकलं नव्हतं.

खुर्ची टेबलाखाली आत सरकवलेली होती.