साडेपाचची चिठ्ठी

मी रागीट आहे, हे आधीच सांगून ठेवते. नंतर कोणी म्हणायला नको की बाई दिसायला साळसूद होती.

बावीस वर्षं मी समुद्रातले किडे मोजते. शास्त्रात त्यांना प्राणीप्लवक म्हणतात. तिळाहून लहान, प्रवाहाबरोबर वाहत जाणारे, आणि माशांची पिल्लं जगतात ती यांच्यावरच. आमची लाँच दर पंधरवड्याला ठरलेल्या जागी बारीक जाळं ओढते, सापडेल ते बरणीत येतं, आणि मी ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजते. गेलं वर्षभर खाडीतल्या बरण्या जवळजवळ रिकाम्या येत होत्या, बाहेरच्या खोल समुद्रातल्या भरून येत होत्या. किडे खाडी सोडून बाहेर सरकले, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. तसा अहवाल मी लिहिला. तो त्या दिवशी चार वाजता गेला की खाडीतली मासेमारी तीन वर्षं बंद होणार होती.

माझा धाकटा भाऊ त्याच खाडीत मासे धरायचा. त्याची नाव खाडीच्या तोंडाबाहेर टिकणारी नव्हती. ती नाव आणि आईविना वाढणाऱ्या दोन पोरी, एवढाच त्याचा संसार.

त्या दिवशी दुपारी एकला तो प्रयोगशाळेत आला. हातात इंजिनाचा मोठा पाना.

"ताई, तो कागद थांबव."

"तू आधी पाना खाली ठेव."

"अगं, किडे कुठेही गेले नाहीत! तुमची लाँच खाडीत भर दुपारी जाळं टाकते. मी डोळ्यांनी बघतो. उन्हात ते तळाला जाऊन बसतात, हे मी तुला शिकवायचं?"

मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पहाटे ते वर असतात, ऊन चढलं की खोल उतरतात. म्हणून तर खाडीत साडेपाचलाच जाळं टाकायचं, हा नियम मी घातला होता. मी एक बरणी उचलली आणि तिच्यातली जागा-वेळेची चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली.

"वाच. साडेपाच. चिठ्ठी खोटं बोलते का?"

"चिठ्ठी नाही, तू बोलतेस. सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देऊन."

पहिला घाव त्याने मांडणीवर घातला. अकरा वर्षांच्या बरण्या एका दमात खाली आल्या. काचा, पाणी, आणि नाक जाळणारा वास. प्रयोगशाळेचे साहेब आपल्या खोलीतून धावत आले, "अरे" म्हणेपर्यंत पाना त्यांच्या जबड्यावर बसला आणि दोन दात फरशीवर पडले. मी स्टूल उचलून धाकट्याच्या पाठीत हाणलं. तो हलला नाही. त्याने माझा अंबाडा धरला आणि कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा.

"मोज आता! मोज!" तो ओरडत होता आणि रडतही होता.

माझ्या हाताला बाटली लागली. किडे टिकावेत म्हणून बरणीत घालतो ते औषध पाणी मिसळलेलं असतं. बाटलीतलं अस्सल, कातडी जाळणारं. ती कोणती बाटली आहे हे मला ठाऊक होतं. मी ती त्याच्या तोंडावर रिकामी केली.

तो कसा किंचाळला ते मी लिहिणार नाही. नळाखाली त्याचं डोकं धरलं, पाठीवर गुडघा रोवला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. त्याने लाथा झाडल्या, माझ्या मनगटाचा लचका तोडला. मी सोडलं नाही. मग इस्पितळाची गाडी त्याला आणि साहेबांना घेऊन गेली, आणि मी कपाळाला फडकं बांधून चारच्या ठोक्याला अहवाल पाठवला. त्याची जिरवल्याचं समाधानही वाटलं. खोटं कशाला बोलू?

पाचला लाँचचा चालक काचा भरायला आला.

"बाई, भाऊ तुमचा कामातून गेला. खाडीत आम्ही जाळं टाकलं की हा काठावरून शिव्या घालायचा."

"एवढ्या पहाटे?"

"पहाटे कुठली? बारा-साडेबाराला. वर्ष झालं. दुपारी बाहेर वारा उठतो ना, म्हणून पहाटे बाहेरचं उरकतो आणि येताना खाडी."

"आणि चिठ्ठीवर साडेपाच?"

"ते तुम्हीच छापून दिलंत. बाईंनी छापलेलं आपण कशाला खोडायचं?"

खरं होतं. या लाँचवाल्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचता वाचता मला घेरी यायची, म्हणून मीच जागा आणि वेळ छापून गठ्ठे दिले होते. पहाट बाहेर गेली, दुपार खाडीत आली, आणि मी म्हटलं किडे सरकले. झाडूचा दांडा मी चालकाच्या खांद्यावर मोडला. मोडायला हवा होता माझ्याच डोक्यात.

त्याच संध्याकाळी, चूक माझी आहे असं लिहून, अहवाल मागे घेतला. खाडी उघडी राहिली.

चौथ्या दिवशी इस्पितळात गेले. डॉक्टरीणबाईंनी दारातच सांगितलं: डावा डोळा गेला, उजव्याला उजेड-अंधार कळेल, त्यापुढे काही नाही. मी खाटेशी उभी राहून सगळं सांगितलं. बसायची हिंमत झाली नाही.

त्याने तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं.

"म्हणजे किडे खाडीतच होते."

"होते."

"मी सांगत होतो."

"सांगत होतास."

तो उठून बसला. हात चाचपडत माझ्या बाहीवर आला, खांद्यावर, मग गालावर. डाव्या तळव्याने गाल नीट धरून त्याने उजव्याने अशी लगावली की माझ्या कपाळाचे टाके उसवले. परिचारिका धावली. मी तिला हातानेच थांबवलं.

"लागली?"

"हो."

"रडतेयस?"

"हो."

"मग मला घरी ने," तो म्हणाला. "आणि उद्यापासून नावेवर तू जायचंस. खाडी उघडी आहे ना?"

मी त्याच्या चपला शोधायला खाटेखाली वाकले.