माडीवरचा लेफ्ट बॅक

“येणार ना तुम्ही, मिस व्हर्नेल?”

“नाही.”

“कालपण नाहीच म्हणालात.”

“मग आज काय निराळं म्हणू? भात घे अजून.”

सेकूनं ताटलीवर हात आडवा धरला. सामन्याच्या दिवशी तीन-तीनदा भात वाढून घेणारा हा पोरगा, पण आज त्याच्या ताटलीतला पहिला भातही तसाच होता. व्हर्नेलबाईंनी टोकलं नाही. त्यांच्या स्वतःच्या घशाखाली सकाळपासून कॉफीखेरीज काही उतरलं नव्हतं.

“सगळं गाव येणार आहे,” तो म्हणाला. “चर्चची गाणारी मंडळी, शाळेचा बँड, झाडून सगळे. आणि तुम्हीच नाही? कसं दिसेल ते?”

“एक खुर्ची रिकामी दिसेल, दुसरं काय! मिस्टर रटलेज जे सांगायचं ते सांगतील, मला ते इथं बसून कळेल. वाईट बातमीला पत्ता विचारावा लागत नाही.”

“आणि चांगली असली तर?”

“तर तीही येईल. जा आता, कोच खेकसेल तुझ्यावर.”

सेकूनं पिशवी खांद्याला लावली. दारात उगाच घुटमळला. “भात छान होता हं,” म्हणाला, आणि गेला. व्हर्नेलबाईंनी उरलेला भात झाकून ठेवला आणि गॅसची शेगडी, जी काल रात्रीच घासली होती, ती पुन्हा घासायला घेतली.

त्या गावात थोरल्या बाईला नावाआधी ‘मिस’ लावूनच हाक मारतात, मग ती कुमारिका असो, सवाष्ण असो की विधवा. व्हर्नेल गॅडसन विधवा होत्या. साउथ कॅरोलायनातल्या या पेटीग्रू गावात एके काळी सूतगिरणी होती आणि अर्धं गाव तिच्या भोंग्यावर उठायचं, जेवायचं, निजायचं. गिरणी गेली. मागे उरलं ते गिरणी कामगारांच्या बेसबॉलचं मैदान. सहा वर्षांपूर्वी मोटारी विकणाऱ्या मिस्टर रटलेजनी त्याच मैदानावर सॉकरचा क्लब काढला आणि त्याला नाव दिलं ‘पेटीग्रू स्पिनर्स’, म्हणजे सूत कातणारे. पगारी खेळाडू, देशाच्या तिसऱ्या पायरीवरची लीग, सगळं रीतसर. पगार मात्र असा, की त्यात पोरानं खोलीचं भाडं भरावं की पोट भरावं, हा प्रश्न. तेव्हा क्लबचा कारभार बघणाऱ्या एक बाई एका रविवारी चर्चमध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, कुणाकडे एखादी खोली रिकामी आहे का हो?

व्हर्नेलबाईंचा हात वर गेला. नवरा ल्यूशस जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा ॲरिझोनात, वर्षातून दोनदा फोन. घर खायला उठत होतं. सॉकर कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण पोरं काय खातात हे पक्कं ठाऊक होतं.

तसं गावात कुणालाच काही ठाऊक नव्हतं म्हणा. पहिला सामना झाला तो एक-एक असा सुटला. रेफ्रीनं शिट्टी मारली, पोरांनी एकमेकांचे हात हातात घेतले, आणि गाव जागचं हललं नाही. बेसबॉलवर वाढलेली माणसं ती. बरोबरी झाली म्हणजे पुढे खेळायचं, कुणीतरी जिंकेपर्यंत खेळायचं, एवढंच त्यांना माहीत. लोक शेंगा खात बसून राहिले. शेवटी माळी नळी घेऊन मैदानात पाणी मारायला आला तेव्हा व्हर्नेलबाई उठून त्याला म्हणाल्या, “अहो, खेळ व्हायचाय अजून!”

“संपला की बाई.”

“संपला? मग जिंकलं कोण?”

“कुणीच नाही.”

“आणि हरलं?”

“तेही कुणीच नाही.”

“मग आम्ही तिकीट कशाचं काढलं?” असं म्हणून त्या ज्या तणतणत घरी आल्या, त्या क्लबच्या गोऱ्या पोरावर, त्यांच्या पहिल्या पाहुण्यावर, दोन दिवस घुश्शात होत्या. जसं काही त्यानंच फसवलं होतं.

पुढे कळायला लागलं. दुसऱ्या वर्षी तर इतका मार खाल्ला, की एखादी बरोबरी झाली की गाव रस्त्यात नाचायचं. तिसऱ्या वर्षी कोच हंगामाच्या मधोमध पळून गेला. चौथ्या वर्षी कप स्पर्धेत वरच्या लीगमधला बडा क्लब आपल्या आलिशान बसमधून आला आणि पेनल्टीवर हरून परत गेला. त्या रात्री व्हर्नेलबाईंच्या माडीवर चार जास्तीची पोरं जमिनीवर झोपली. माडीवरच्या खोलीतून पोरं येत गेली, जात गेली. एक मांस न खाणारा, एक झोपेत चालणारा, एक तर असा, की आंघोळीला गेला की पाण्याची टाकी संपवूनच बाहेर यायचा. दोन वर्षांपूर्वी सेकू डोलो आला. उत्तरेत, प्रॉव्हिडन्सला वाढलेला, पण आईबाप लायबेरियाचे. डाव्या बाजूनं बचाव करणारा, म्हणजे लेफ्ट बॅक. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, “मिस व्हर्नेल, रोज भात केलात तर राग नाही ना येणार तुम्हाला?” बाईंचं माहेर किनाऱ्याकडचं, भातावर वाढलेलं. बाकीच्या पोरांना पास्ता उकडून देता देता वैतागल्या होत्या त्या. तेव्हापासून हा पोरगा आणि बाकीची पोरं यांत त्यांनी उघड उघड डावं-उजवं केलं, आणि त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

आणि आता मिस्टर रटलेज थकले होते. त्यांच्या मुलांना क्लबात रस नव्हता. दुसऱ्या राज्यातल्या एका समुद्रकाठच्या शहरानं क्लब मागितला होता. नाव, परवाना, सगळं उचलून तिकडे न्यायचं. इकडे गावातल्या लोकांनी एकत्र येऊन, एका बांधकामवाल्याला पुढे करून, आम्हीच चालवतो म्हणून मागणी घातली होती. लीग कुणाला होकार देणार ते आज कळणार होतं. हंगामाचा शेवटचा सामना संपला की मी स्वतः लाऊडस्पीकरवरून सांगेन, असं मिस्टर रटलेजनी जाहीर केलं होतं. क्लब गेला तर माडीवरची खोली पुन्हा रिकामी होणार होती, आणि या खेपेला कायमची.

दुपारी व्हर्नेलबाई ओसरीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या. मैदान तीन गल्ल्या मागे. ढोल स्पष्ट ऐकू येत होता. शेजारचा म्हातारा पर्व्हिस काठी टेकत आला आणि न विचारता दुसऱ्या खुर्चीत बसला.

“तू नाही गेलास?” बाईंनी विचारलं.

“मी? त्या मैदानावर? माझा उंचवटा सपाट केला त्यांनी, व्हर्नेल. अकरा वर्षं मी त्या उंचवट्यावरून चेंडू टाकले गिरणीच्या संघासाठी. त्यावर रोलर फिरवला!”

“सहा वर्षं हेच रडगाणं चाललंय तुझं.”

“सातव्या वर्षीही गाईन. ट्रान्झिस्टर लावू का?”

“लावलास तर मोडून टाकीन.”

पर्व्हिसनं काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग जरा वेळानं हळूच म्हणाला, “तिथं जायला काय झालं होतं गं तुला? दर सामन्याला तर पहिली असतेस.”

“तुला विचारवतं तरी कसं? तू होतास ना त्या शुक्रवारी?”

तो होता. त्या शुक्रवारी पाळी संपल्यावर गिरणीच्या मालकांनी सगळ्यांना त्याच मैदानावर बोलावलं होतं. लोकांना वाटलं, बोनस. बाया नटून आल्या होत्या. व्हर्नेल आणि ल्यूशस शेजारी शेजारी उभे होते, ल्यूशसच्या हातात जेवणाचा डबा. लाऊडस्पीकर खरखरला आणि कुणीतरी कागदावरचं वाचून दाखवलं, की यंत्रं परदेशी जाणार, आणि तुम्ही घरी जा. त्यानंतर भोंगा झाला. एवढा लांब भोंगा त्याआधी कधी झाला नव्हता. ल्यूशस तिथून घरी आला, पण त्यानंतर तो कशातच फारसा आला नाही. पंधरा वर्षं नुसता खुर्चीत बसून राहिला आणि मग गेला.

“तोच लाऊडस्पीकर आहे अजून,” बाई म्हणाल्या. “त्याच खांबावर. त्याच्यातनं पुन्हा असलं काही ऐकायची ताकद नाही माझ्यात. एकदा ऐकलं ते पुरे.”

“बरं बरं,” पर्व्हिस म्हणाला आणि त्यानं मूठभर शेंगा सोलायला घेतल्या.

ढोल थांबला. म्हणजे सामना संपला. व्हर्नेलबाईंचे हात थांबले. वाऱ्यावर लाऊडस्पीकरची घरघर आली, शब्द एकही कळेना. घरघर चालूच. हा माणूस एवढं काय बोलतोय? चांगलं असतं तर एका वाक्यात नसतं का झालं? मग घरघर थांबली. आणि मग भोंगा झाला.

भोंगा म्हणजे खरा नव्हे. स्पिनर्सच्या चाहत्यांची ती रीत होती. सामना संपला की सगळ्यांनी मिळून, तोंडानं, गिरणीचा भोंगा वाजवायचा. जिंकले तरी वाजवायचा, हरले तरी वाजवायचा. आज तो थांबेचना.

“हे चांगलं की वाईट?” पर्व्हिसनं विचारलं.

“मला काय कळतंय!” बाई ओरडल्याच. मांडीवरचं पातेलं कलंडलं, वाटाणे ओसरीभर झाले. आत स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. “उचलू नकोस,” त्या म्हणाल्या. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला. त्यांना ल्यूशसचा डबा आठवत होता, आणि घर रिकामं झाल्यावर ऐकू येते ती फ्रिजची घरघर.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला टकटक असा आवाज आला. खिळ्यांच्या बुटांचा, डांबरावरचा. सेकू पळत येत होता. अंगात स्पिनर्सचा चिखलानं माखलेला सदरा, एक मोजा खाली घसरलेला. कपडे बदलले नव्हते, पिशवी घेतली नव्हती. कुणाचीतरी मोटार त्याच्यासाठी थांबली, त्यानं हातानंच ‘जा’ म्हटलं.

“मिस व्हर्नेल!” तो लांबूनच ओरडला. “हरलो!”

बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“तीन-एक! धू धू धुतलं आम्हाला!” तो हसत होता, धापा टाकत होता. “पण ते मरू द्या! राहिला! क्लब राहिला! गावालाच दिला! लीगनं हो म्हटलं, पुढच्या वर्षी इथंच, याच मैदानावर!”

व्हर्नेलबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या उभ्या राहायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. “अरे गाढवा,” म्हणाल्या, “असं सांगतात का? आधी हरलो म्हणून?” आणि रडायला लागल्या, रडता रडता हसायला लागल्या, आणि त्यांनी पदर नसल्यामुळे ॲप्रनच तोंडावर ओढला. छातीवरचा केवढा तरी धोंडा उतरला होता.

पर्व्हिसनं टोपी काढून डोकं खाजवलं. “म्हणजे माझा उंचवटा काही परत येत नाही.”

“नाही येत!” बाई म्हणाल्या. “मर आता तसाच! सेकू, बस, बस खाली. पाणी आणते. भात आहे झाकलेला. आणि ऐक, तुझ्या खिडकीची जाळी मी या थंडीत बदलून घेते. मी मुद्दाम थांबले होते, म्हटलं क्लबच राहिला नाही तर…”

सेकू पायरीवर बसला होता. हसू तसंच होतं, पण तो आपल्या बुटांकडे बघत होता.

“मी नसेन हो पुढच्या वर्षी, मिस व्हर्नेल.”

“म्हणजे?”

“कोचनी सांगितलं. क्लब राहो की जावो, लेफ्ट बॅक नवा आणणार. आत्ताच सांगतो म्हणाले, म्हणजे तुला दुसरीकडे बघायला वेळ मिळेल.”

“कधी सांगितलं?”

“सकाळी. जेवायला यायच्या आधी.”

जेवताना बाई त्याच्याशी खुर्चीवरून आणि बातमीवरून हुज्जत घालत बसल्या होत्या, आणि हा आपलं दुःख गिळून बसला होता. त्यांना स्वतःचा राग आला, कोचचा त्याहून जास्त आला, आणि तरीही मघाचं ते सुटल्यासारखं वाटणं जाईना. ते गेलं नाही याचंही त्यांना वाईट वाटलं.

“आणि तरी तू पळत आलास?”

“तुम्ही लाऊडस्पीकर ऐकणार नव्हता. फोनही उचलणार नाही हे मला माहीत होतं. मग कुणीतरी यायला नको? मी मैदानाच्या कडेनं, विंगेवरनं रोजच पळतो,” तो म्हणाला. “हे तीन गल्ल्या जास्त.” मग घसरलेला मोजा वर ओढत म्हणाला, “खरंच बरं वाटलं हो मला. माझं होईल कुठंतरी. नव्या पोराला आवडेल ती खोली. सकाळी ऊन येतं.”

“नव्या पोराला शिवणाची खोली देईन,” व्हर्नेलबाई म्हणाल्या. “खालची. वरची तुझी.”

“अहो, असं कसं? तो विचारेल ना, वर खोली असताना मला खाली का?”

“विचारू दे. सांगेन, वरचा माणूस गावाला गेलाय, येईल.”

सेकूनं तोंड फिरवलं आणि तो बुटांच्या नाड्या सोडू लागला. घामानं आणि चिखलानं गाठी आवळून बसल्या होत्या. नख लागेना. मागून गल्लीत माणसं येऊ लागली होती, गात, भोंगा वाजवत, शाळेच्या बँडचा मोठा ढोल पुढे. पर्व्हिसनं मान वळवली आणि तो मन लावून वाटाणे वेचू लागला.

व्हर्नेलबाई गुडघ्यावर हात देत दोन पायऱ्या उतरल्या आणि त्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. त्यांनी त्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. गिरणीत तुटलेलं सूत शोधून जोडण्यात ही बोटं म्हातारी झाली होती. त्यांनी गाठीचं टोक हुडकलं, ओलं केलं, आणि हळूहळू सैल करत नेलं. बूट निघाला. टाचेला फोड आला होता, तो फुटला होता. त्यांनी त्यावर ॲप्रनचं टोक धरलं.

“दुसरा दे,” त्या म्हणाल्या.