पाढ्यांच्या पोपटाला मंगलाबाईंचा आवाज

पहिली ते दहावीचे सगळे विषय खेळांतून शिकवणारं मराठी अ‍ॅप काढायचं ज्योत्स्ना बोरस्तेने ठरवलं, तेव्हा तिला प्रोग्रॅमिंग शिकायला लागून तीन आठवडे झाले होते. दिवसा ती सातपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅचचं काम बघायची. घरी आली की मोबाइलवर व्हिडिओ लावायची आणि त्यातला मुलगा जे टाइप करेल ते लॅपटॉपवर टाइप करायची. त्याचं चालायचं. तिचं चालायचं नाही.

दहाही इयत्ता दिवाळीपर्यंत उरकतील असा तिचा अंदाज होता. सुरुवात तिने चित्रापासून केली. चष्मा लावलेलं एक घुबड काढलं.

तिची आई मंगलाबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"घुबड?"

"आई, घुबड म्हणजे हुशारी. जगात सगळीकडे तसंच मानतात."

"मानत असतील. आपल्याकडं शाळंवर घुबड बसलं तर लोक पोरांची नावं काढून नेतील."

ज्योत्स्नाने घुबडाचा पोपट केला. चष्मा तसाच ठेवला.

दिवाळी झाली तेव्हा दहा इयत्तांपैकी पाढे तयार होते. उत्तर बरोबर आलं की पोपट एक फांदी वर चढायचा आणि पेरू खायचा. आधी तो चढत चढत स्क्रीनच्या बाहेर जायचा आणि परत यायचाच नाही. ते दुरुस्त करण्यात पूर्ण नोव्हेंबर गेला. मग आवाजाचा प्रश्न आला. कॉम्प्युटरचा तयार आवाज म्हणायचा, "आपले उत्तर चुकीचे आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"ही बाई जेवली नाय का?" मंगलाबाईंनी विचारलं.

"मग तू बोल."

मंगलाबाईंना लिहून दिलेलं वाक्य म्हणता येईना. मोबाइल समोर धरला की त्या ताठ बसायच्या आणि सरकारी सूचना वाचल्यासारखं बोलायच्या. शेवटी ज्योत्स्ना म्हणाली, "हे बघ, मी चुकीचं उत्तर देते. लहानपणी मला जे म्हणायचीस तेच म्हण. सात आठे त्रेपन्न."

"त्रेपन्न? कोन म्हनलं? गोठ्यातल्या म्हशीनं सांगितलं का? तिला तरी बरं येतंय!"

पुढची दहा मिनिटं मंगलाबाई न थांबता बोलल्या. ज्योत्स्नाने सगळं रेकॉर्ड करून घेतलं.

तिचा मावसभाऊ संतोष पेठ तालुक्यातल्या एका दोन खोल्यांच्या शाळेत शिक्षक होता. शाळेला कुणीतरी चार टॅब दिले होते. ज्योत्स्ना रजा टाकून बसने तिथे गेली. तिने मुलांना खेळ समजावून सांगितला. चौथीतली चांगुणा पुढे आली. तिचं पहिलं उत्तर बरोबर आलं, पोपटाने पेरू खाल्ला, टॅबमधून "शाब्बास" आलं. चांगुणाने मान डोलावली. दुसऱ्या वेळी तिचं बोट चुकून भलतीकडे पडलं.

"गोठ्यातल्या म्हशीनं सांगितलं का?" मंगलाबाई टॅबमधून कडाडल्या.

वर्गाने आधी टॅबकडे, मग एकमेकांकडे पाहिलं. मग हसू फुटलं ते थांबेचना. एक मुलगा हसता हसता बाकावरून खाली पडला आणि खालीच हसत राहिला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारही टॅबवर एकही बरोबर उत्तर येईनासं झालं. पोपट जमिनीवर उपाशी उभा होता.

"दादा, यांना पाढे येत नाहीत का?" ज्योत्स्नाने विचारलं.

"येत होते," संतोष म्हणाला. "सकाळपर्यंत."

घरी येऊन तिने आईला सांगितलं, "तुझा आवाज काढावा लागेल. मुलं मुद्दाम चुकतात."

"हसली का?"

"हसली म्हणजे काय! एक तर पडला."

"लागलं नाय ना त्याला?" एवढं विचारून मंगलाबाई भाकरी थापायला गेल्या. पण त्या दिवशी त्या कुणावर रागावल्या नाहीत, आणि हे ज्योत्स्नाला जेवताना खुपलं.

तिने आवाज काढला नाही. जागा बदलली. आता चुकीच्या उत्तराला कॉम्प्युटरची बाई "कृपया" म्हणायची. ओळीने पाच उत्तरं बरोबर आली की पोपट स्वयंपाकघरात शिरून दुधाचं पातेलं उलटं करायचा आणि मंगलाबाई पोपटाला फैलावर घ्यायच्या. त्यासाठी त्यांनी पोपटाला साजेसं नवीन रागावून दिलं. हे त्यांना जड गेलं नाही.

दुसऱ्या खेपेला मंगलाबाईही पेठला आल्या. वर्गात शिरताना म्हणाल्या, "प्यायला पानी हाय का रं पोरांनो?"

आवाज ओळखून सगळी मुलं उभी राहिली. कुणी पाणी आणेना. चांगुणा हळूच जवळ आली.

"आजी, रागवा ना."

मंगलाबाई गोंधळल्या. इकडेतिकडे बघू लागल्या. "अगं बाई, काय चुकलंच नाय तर कसं रागवू?"

चांगुणाने क्षणभर विचार केला. "नऊ साते बासष्ट," ती म्हणाली.

"बासष्ट? आन् उरलेला एक काय पोपटानं खाल्ला?"

वर्ग पुन्हा कोसळला. संतोषने दार लावून घेतलं, कारण दुसऱ्या खोलीतली पोरंही धावत यायला लागली होती. मंगलाबाईंनी त्यानंतर प्रत्येकाला एकेकदा रागावून घेतलं. ज्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी आपापलं चुकवून आणलं. मग सगळी पोरं टॅबवर बसली आणि बाराच्या पाढ्यापर्यंत गेली. संतोषने ती गोष्ट दोनदा तपासली.

अ‍ॅप आता त्या तालुक्यातल्या आणखी तीन शाळांत चालतं. इतिहास, भूगोल आणि विज्ञान अजून सुरू झालेले नाहीत. ज्योत्स्ना डिस्पॅचलाच आहे. अंदाज विचारला तर ती पुढची दिवाळी म्हणते, कुठल्या वर्षीची ते सांगत नाही. सध्या भागाकार चालू आहे. त्यात काही उरलं तर ते पोपटाने खायचं की टाकून द्यायचं, यावर मायलेकींचं एकमत झालेलं नाही.